थंडीतला दुसरा गिअर

तारीख अठरा डिसेंबर. रक्कम सव्वीस हजार चारशे रुपये. ठिकाण श्रीरामपुरातलं दाविद मिस्त्रींचं गॅरेज. हजर तिघं: मिस्त्री, आमच्या पिकअपचा ड्रायव्हर सुदाम आणि मी. आमच्या मधोमध गोणपाटावर गिअरबॉक्स उतरवून ठेवला होता. त्याचं पोट उघडं होतं आणि दुसऱ्या गिअरचे तीन दात तुटून खालच्या तेलाच्या ट्रेमध्ये पडले होते. मिस्त्रींनी ते चिमट्यानं उचलले, चिंधीला पुसले आणि एकेक करून माझ्या तळहातावर ठेवले. नाताळ आठवड्यावर आला होता. गॅरेजसमोरच्या लिंबाला कागदी चांदणी टांगलेली होती आणि वाऱ्यानं ती स्वतःभोवती फिरत होती.

"कशानं तुटले?" मी विचारलं.

"दामटलाय, भाऊसाहेब. पडत नसताना गिअर दामटला की असंच होतं."

"म्हणजे हातानं."

"हातानंच तुटतो गिअर. पायानं थोडाच तुटतो?" मिस्त्री हसले.

सुदाम हसला नाही. "मी तेल बगा म्हनलं हुतं," एवढंच तो म्हणाला, तेही माझ्याकडे न बघता, गिअरबॉक्सकडे बघून. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष आकड्यावर होतं.

या गोष्टीला तीन हिवाळे झाले. यंदा दिवाळीनंतर दुसऱ्याच आठवड्यात थंडी उतरली. कोल्हारच्या अलीकडे आमची वस्ती आहे. एका अंगाला प्रवरा, दुसऱ्या अंगाला पाट आणि मधे नजर जाईल तिथवर ऊस. नगरच्या माणसाला स्वेटर पुरतो, तिथं आमच्याकडे स्वेटरवर शाल लागते. पाटाकाठची थंडी गुडघ्यापासून वर चढते, आणि पन्नाशी ओलांडली की ती नऊ वाजेपर्यंत उतरत नाही. पहाटे सव्वापाचला मी पिकअपच्या काचेवरचं दव जुन्या टॉवेलनं पुसतो. किल्ली फिरवतो. इंजिन आधी खोकतं, मग थरथरतं, मागून पांढरा धूर निघतो आणि उसाच्या तोंडाशी जाऊन अडकून राहतो. गाडी न्यूट्रलला ठेवून, क्लचवरचा पाय काढून, हात काखेत घालून मी दहा मिनिटं तसाच बसतो. मागं रिकाम्या कॅनची झाकणं एकमेकांवर वाजत असतात. गाळप सुरू असलं की कारखान्याकडून गोडसर, करपट वास येतो. त्या दहा मिनिटांत माझ्या हिशेबानं दीडशे मिली डिझेल जळतं, म्हणजे साधारण चौदा रुपये. पूर्वी हे चौदा रुपये मी वाचवायचो.

मी हायस्कुलात क्लार्क आहे. आमच्याकडे क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात, त्यात मानापेक्षा सवय जास्त. पगारात घर चालतं, पण मुलीच्या शिक्षणाला जोड हवी म्हणून सहा वर्षांपूर्वी ही पिकअप जुनी घेतली आणि दुधाच्या वाहतुकीला लावली. चौदा वस्त्या, एकोणीस किलोमीटर, आठच्या सुमाराला दूध चिलिंग सेंटरला पोचतं करायचं. गाडी घेतली तेव्हा सुदाम तिच्याबरोबरच आल्यासारखा आला. मूळचा जामखेडकडचा. बायको लता आणि तो, आमच्या विहिरीजवळच्या दोन खोल्यांत राहायचे. तीन वर्षं त्यानं गाडी चालवली. त्या तीन वर्षांत त्यानं कधी कॅन सांडला नाही, कधी दांडी मारली नाही. पहिले दोन हिवाळे गिअरची तक्रार एकदाही आली नाही. हे वाक्य मी आज सरळ लिहितो. त्या वेळी ते माझ्या वहीत असूनही मला वाचता आलं नाही.

सुदामची पहाटेची एक रीत होती. गाडी चालू करायची, मग उतरून उसाच्या वाळल्या पाचटाचा छोटा जाळ करायचा आणि लतानं दिलेला चहा एका हातात घेऊन दुसरा हात बॉनेटवर टेकवून उभं राहायचं. जाळ विझेपर्यंत निघायचं नाही. मला ते बघून चीड यायची. घरातून डिझेल जळताना ऐकू येतं, हे ज्याच्या खिशातून जळतं त्यालाच कळतं.

"सुदाम, गाडी पेटवून शेकोटी कसली करतोस?"

"आतलं तेल हलू द्या, भाऊसाहेब. मानूस बी उठल्याउठल्या पळत न्हाई."

"मला काय शिकवतोस? हा बघ काटा." मी खिडकीतून हात घालून त्याला डॅशबोर्डवरचा काटा दाखवला. "चार मिनिटांत वर यायला लागतो. तापली गाडी."

"त्यो काटा इंजनाचा हाय. गिअरचा काटा न्हाई गाडीला."

"काटा नाही ते तापत पण नाही," मी म्हणालो. स्वतःच्याच बोलण्यावर मी तेव्हा खूश झालो होतो, हेही आठवतं. त्या वर्षी डिझेल वाढलं होतं. दिवाळी झाल्यावर मी नियम केला, दोन मिनिटं आणि निघायचं. सुदामनं जाळ करणं सोडलं. चहा तो गाडीत बसून प्यायला लागला.

इंजिनाच्या पोटात आग असते. ते आपलं आपण तापतं. गिअरबॉक्सला आग नसते आणि मागच्या चाकांमधल्या गोळ्याला, म्हणजे डिफरन्शियलला, तर नसतेच. ते दोघं फक्त कामानं तापतात, दात दातांवर घासून, तेल ढवळून. थंडीत आतलं तेल घट्ट होऊन तळाशी बसलेलं असतं. ते हलल्याशिवाय पातळ होत नाही आणि ते पातळ झाल्याशिवाय गिअर सरळ पडत नाही. न्यूट्रलला गाडी चालू ठेवली तर गिअरबॉक्सच्या आतला अर्धा संसार फिरत राहतो आणि तेल हळूहळू हलायला लागतं. मागच्या गोळ्याला तर गाडी चालल्याशिवाय कसलीच ऊब नाही. पहाटे पहिल्यांदा क्लच सोडला की खालच्या शाफ्टच्या सांध्यातून एक टक् असा आवाज येतो, झोपेतून उठवलेल्या माणसानं कूस बदलावी तसा. मग चाकं फिरतात, पण अनिच्छेनं. ती अनिच्छा पायाला कळते. एवढं सगळं मला आता ठाऊक आहे. ठाऊक होण्याची किंमत मात्र माझ्या एकट्याच्या खिशातून गेली नाही.

त्या वर्षीच्या मे महिन्यात गाडी तिसऱ्या गिअरला गुणगुणायला लागली होती. जुनी गाडी, झीज व्हायचीच. सुदाम पाहुण्यांतल्या लग्नाला चार दिवस जामखेडला गेला होता, म्हणून गाडी मीच चालवत होतो आणि तो आवाज माझ्या डोक्यात बसला. स्टँडवरच्या हॉटेलात एक टेम्पोवाला भेटला. मिस्त्रीकडं गेलात तर खोलून ठेवील, म्हणाला. जाड तेल टाका, आवाज गिळतं ते. मला सल्ला स्वस्त वाटला आणि स्वस्त असल्यामुळे पटला. तेलाच्या दुकानातून मागच्या गोळ्यात वापरतात ते जाड तेल, पाच लिटरचा डबा, घेऊन आलो. पंक्चरच्या दुकानात गिअरबॉक्समधलं जुनं तेल सोडलं आणि हे दोन लिटर भरलं. आवाज खरंच गेला. मी वहीत नोंद केली. सुदाम परत आल्यावर त्याला सांगायचं राहिलं. सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

उन्हाळ्यात काही झालं नाही. पावसाळ्यात झालं नाही. त्या उकाड्यात ते जाड तेल गपगुमान चालत राहिलं.

डिसेंबर लागला आणि सुदाम म्हणाला, "दुसरा पडंना, भाऊसाहेब. पयल्यातनं काडला की मधीच हुबा ऱ्हातो."

"थंडी आहे. हाताला मोजे घाल."

चार दिवसांनी पुन्हा म्हणाला. "तेल बगा एकदा. कायतरी येगळं लागतंय हाताला."

"तीन वर्षं तीच गाडी, तेच तेल. आत्ताच वेगळं कसं लागायला लागलं?" मी हे मनापासून म्हणालो. मे महिन्याची नोंद त्याच वहीत, चाळीसेक पानं मागं होती.

मग सतरा तारखेला सकाळी सातव्या वस्तीपाशी दात तुटले. दूध दुसऱ्याच्या गाडीतून गेलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पिकअप ओढून श्रीरामपूरला नेली.

मिस्त्रींनी सव्वीस हजार चारशे सांगितले, त्यात तेल धरलेलं होतं. तेल माझ्याकडे आहे, मी म्हणालो. त्यांनी पाचशे साठ रुपये कमी केले. दुसऱ्या दिवशी मी घरातला तो डबा नेऊन दिला. त्यात तीन लिटर उरलं होतं. गॅरेजमधल्या कुणीतरी ते ओतलं. मिस्त्री तेव्हा दुसऱ्या गाडीखाली होते. मालकानं आणलेल्या डब्यावरचं लेबल कोण वाचतो?

एकतीस डिसेंबरला गाडी गॅरेजमधून परत आली आणि त्याच दिवशी पगार. सुदामचा पगार चौदा हजार. मी दुरुस्तीचे तीन हिस्से केले. दोन माझे, एक त्याचा. सव्वीस हजार चारशेचा तिसरा हिस्सा आठ हजार आठशे. त्याच्या हातावर पाच हजार दोनशे ठेवले. पाचशे साठ कमी झाले होते ते मी वजा धरले नाहीत, हेही आज नोंदवून ठेवतो. त्या वेळी मला मी फार न्यायानं वागतोय असं वाटत होतं, कारण दुसऱ्या एखाद्या मालकानं सगळेच कापले असते.

सुदामनं नोटा मोजल्या नाहीत. "कापा," म्हणाला. "पैशाचं काय न्हाई. पन हातानं तुटला म्हनू नका, भाऊसाहेब. डायवरला दुसरं काय आसतं?"

"मिस्त्रीच म्हणाला."

"मिस्त्रीला जसं इचारलं, तसं त्यो म्हनला."

लता दारात उभी होती.  दुसऱ्या दिवशी सकाळी सुदामनं किल्ली आमच्या देवळीत आणून ठेवली.

त्याला कोल्हारातच राहायचं होतं. एका इंग्रजी शाळेच्या बसवर जागा रिकामी होती आणि तिथं त्यानं अर्ज केला. चार जानेवारीला त्या शाळेतून मला फोन आला. बोलणारे गृहस्थ सभ्य होते. मुलांची गाडी आहे, म्हणाले, तुम्ही शाळेतलेच, तुमच्या शब्दावर ठरवू. मी खोटं बोलत नाही. नेहमीसारखं मोजून बोललो. "माणूस सच्चा आहे. निर्व्यसनी आहे. पण हात जरा जड आहे."

"मग नको," ते म्हणाले. आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

दहा तारखेला सुदाम आणि लता सामान टेम्पोत घालून जामखेडला गेले. जाताना लता माझ्या बायकोच्या पाया पडली. मी ऑफिसात होतो.

त्या जानेवारीत पहाटे पाचला उठून गाडी चालवायला कुणी मिळेना, म्हणून मीच बसलो. माझ्या थकण्याची सुरुवात मी त्या महिन्यापासून धरतो. पहाटे दूध, साडेदहाला ऑफिस, संध्याकाळी डोळ्यांपुढं मस्टरचे रकाने हलायचे. पहिल्याच दिवशी दुसऱ्या वस्तीवरून निघालो आणि दुसरा गिअर पडेना. पहिल्यातून काढला की दांडा मधेच, काकवीत चमचा रुतावा तसा. थोडा जोर लावला तर कर्रकन् आवाज आला. दुधाचं माप घालून परत निघालेली एक बाई थांबली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, सुदामच्या टायमाला गाडी आशी वरडत न्हवती. तुमी काय तिला मारताय व्हय?"

दुरुस्त होऊन गाडीला पंधरा दिवस झाले नव्हते. नवे दात, नवी रिंग. मी मिस्त्रींना मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग आठवडाभरानं माझा तळहात अंगठ्याखाली सुजला. बायकोनं हळद लावली आणि म्हणाली, "आता कोणाच्या पगारातून कापायचं?"

 ते वाक्य गाडीत माझ्याशेजारी येऊन बसलं. रोज पहाटे बसायचं.

मला दुसरं काही येत नाही, मोजता येतं. मी वहीत नवा रकाना पाडला. रोज दुसरा गिअर कितव्या वस्तीला सरळ पडतो ते लिहायला लागलो. बारा तारखेला नवव्या. तेरा तारखेला कडाक्याची थंडी, पाटावर धुकं इतकं की कठडे दिसेनात, दहाव्या. सोळा तारखेला आभाळ आलं, थंडी कमी झाली, सहाव्या. परत येताना, साडेआठचं ऊन बॉनेटवर असताना, एकदाही अडकला नाही. चालवणारा हात तोच होता, गाडी तीच होती. फक्त थंडी कमीजास्त व्हायची आणि तिच्याबरोबर गिअर. आमच्या फेरीत दर दीडेक किलोमीटरला थांबावं लागतं, पहिला, दुसरा, पुन्हा उभी. गिअरबॉक्सला सलग काम मिळत नाही म्हणून तो तापत नाही. सुदाम पंधरा-सतरा दिवस रोज दहा-दहा वस्त्या असा झगडत गेला असणार, आणि आठच्या आत दूध पोचवायचं म्हणून शेवटी कुठंतरी दामटत असणार. त्याची ती शेकोटीची दहा मिनिटं असती तरी हे तेल पुरतं हललं नसतं, पण तीही मी काढून घेतली होती.

अठरा जानेवारीला रजा टाकून गाडी श्रीरामपूरला मिस्त्रींना दाखवली. आदल्या संध्याकाळीच नेऊन गॅरेजसमोर रात्रभर गार होऊ दिली, मुद्दाम. पहाटे मिस्त्री दात घासत बाहेर आले. मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"भाऊसाहेब, एवढं तर कुठल्या गाडीमालकानं पण कधी लिहून आणलं नाही." मग ते गाडीखाली सरकले, गिअरबॉक्सच्या बाजूचा बोल्ट सोडला आणि आत करंगळी घातली. करंगळी बाहेर काढली तेव्हा तिच्यामागून तेलाची तार निघाली. ती तार तुटेना. पडल्यापडल्याच त्यांनी करंगळी माझ्यापुढं धरली.

"हे कुणी टाकलं?"

"तुमच्या गॅरेजनं."

"डबा कुणाचा?"

"माझा."

"हे मागच्या गोळ्याचं तेल आहे. तिथं ठीक. इथं थंडीत ते गुळासारखं बसतं. ती दात जुळवणारी पितळी रिंग असते ना, तिला पकडच मिळत नाही. कुणाच्याही हातात पडणार नाही गिअर." ते बाहेर आले, करंगळी चिंधीला पुसली. "त्या दिवशी तुमचा ड्रायव्हर तेल म्हणत होता. मी ट्रे बघायला हवा होता. तेल काळं झालं होतं, दातांचा चुरा होता, लक्ष गेलं नाही. निम्मं पाप माझं."

"नाही," मी म्हणालो. त्या क्षणी निम्मं कुणाला द्यावं असं मला वाटत नव्हतं.

त्यांनी तेल बदललं. दुसऱ्या दिवशी पहाटे दहा मिनिटं गाडी चालू ठेवली आणि पहिल्याच वस्तीवरून निघताना दोन बोटांनी दांडा मागं ओढला. दुसरा गिअर आवाज न करता पडला. आनंद व्हायला हवा होता. मी पुढच्या वळणावर गाडी कडेला घेऊन थोडा वेळ नुसता बसून राहिलो. ऊस तोडणाऱ्यांच्या बैलगाड्या शेजारून गेल्या, बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. एका गाडीवान बाईनं विचारलंसुद्धा, "बंद पडली का वो?"

त्या इंग्रजी शाळेत फोन केला. त्या गृहस्थांना सगळं सांगितलं, न मोजता, जरा जास्तच. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. पण आम्ही पाच तारखेलाच दुसरा माणूस घेतला." यात त्यांची काय चूक? जागा अशा थांबून राहत नाहीत.

यंदाच्या थंडीत गाडीत दहा मिनिटं बसलो असताना मी पुष्कळदा विचार करतो की, एवढ्या वर्षांत आपण कुठले काटे बघून माणसं ताडली. हायस्कुलात नव्या शिक्षकाबद्दल मत विचारतात. लग्नाच्या बैठकीत विचारतात. आपण दोन चांगली वाक्यं बोलतो, मग 'पण' म्हणतो आणि तिसरं. ते तिसरं वाक्य कुणाच्या घरी जाऊन काय करतं हे आपल्याला कधी कळत नाही. माझं एक तरी मला कळलं. बाकीच्यांचा विचार करायला लागलो की दहा मिनिटं संपतात आणि पहिल्या वस्तीवर कॅन वाट बघत असतात.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला, रविवारी, मी जामखेडला गेलो. कोल्हारहून नगर, नगरहून जामखेड, दोन एसट्या. आष्टीच्या बाजूची हवा वेगळी. ओल नाही, उसाचा वास नाही, थंडी कोरडी आणि उघडी, नऊला निघून जाणारी. सुदामचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली खडी क्रशरवाल्याचं कॅलेंडर. त्याच क्रशरचा टेम्पो तो चालवत होता. पडवीत त्याचे सासरे आणि शेजारचे दोघंजण बसले होते. मला बघून सुदाम उठला.

"या, भाऊसाहेब. वैनी बऱ्या हायेत ना?"

लतानं पाणी दिलं. चहा झाला. मी सगळं सांगितलं, मे महिन्यापासून करंगळीपर्यंत. वहीही दाखवली. सुदामनं तो नवा रकाना बोट ठेवून वाचला. नवव्या, दहाव्या, सहाव्या.

"मला बी धाव्याच वस्तीपातुर तरास व्हायचा," तो म्हणाला. "तुमी लिवलं. मी कुटं लिवनार?"

"परत ये, सुदाम."

"न्हाई. हितं दोन हजार कमी मिळत्यात, पन गाडी आटला काडायची. तवर ऊन आलेलं आसतं." त्यानं वही मिटली. "आन् हितल्या मालकाला कोनीतरी कोल्हारावून सांगितलंय, गिअर तोडतो म्हनून. त्यो रोज सांजच्याला गाडीखाली वाकून बगतो. वाकून बगतो आन् मंग घरी जातो."

मी पिशवीतून पैशांचं पाकीट काढलं आणि घरून लिहून आणलेलं व्हाउचर काढलं. सुदामनं ते वाचलं आणि मला परत दिलं.

"मागील बाकी," तो म्हणाला. "बाकी कसली? तुमच्याकं माजी बाकी न्हवती. तुमी कापलं हुतं."

बरोबर होतं. मी आयुष्यात व्हाउचरवर खाडाखोड केलेली नाही. ते फाडलं, दुसरं लिहिलं: गिअरबॉक्स दुरुस्तीपोटी केलेली कपात परत.

"का परत? ते लिवा."

त्याचे सासरे म्हणाले, "जाऊ दे की आता, सुदाम. भाऊसाहेब येवढ्या लांबून आलेत."

"आबा, ते आलेत म्हनूनच. लोक तोंडी बोललेलं इसरत्यात. कागद मी मालकाला दाखीवनार हाय."

मी तेही फाडलं. तिसरं लिहायला वेळ लागला. सत्तावीस वर्षं ऑफिसात तपशिलाचा रकाना भरला, पण त्यात कधी कुणाचं नाव धुतलं नव्हतं आणि स्वतःचं लिहिलं नव्हतं. दोन प्रती केल्या, एक त्याला, एक मला. सही करायला त्यानं पेन घेतलं, तेव्हा लता, जी एकतीस डिसेंबरपासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, दारातून म्हणाली, "मोठ्यानं वाचा की, भाऊसाहेब. हितं समदीच बसल्यात."

मी उभा राहून वाचलं. दिनांक दोन फेब्रुवारी. सुदाम यांना रोख अदा, रुपये आठ हजार आठशे फक्त. तपशील: गिअर यांच्या हाताने तुटला नाही, गिअरबॉक्समध्ये चुकीचे तेल मी टाकले होते आणि गाडी तापू दिली नव्हती. देणार, खाली माझी सही. घेणार, सुदाम. त्यानं नोटा दोनदा मोजून घेतल्या.